घरातली अडगळ
(संघाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही पडलो बँकेतले कारकून. तेव्हा बचतीवर बोला, असा संघाचा निरोप होता. पण आज आम्ही घरातल्या अडगळीवर बोलणार आहोत. विषय क्षुल्लक वाटेल, तरी थोडा वेळ ऐकून घ्यावे ही विनंती.

आपल्या रत्नागिरीकडच्या घरांत निम्मी अडगळ मुंबईहून येते. चाकरमानी भाऊ मे महिन्यात येताना जुना मिक्सर, टेबलफॅन, कपड्यांची गाठोडी घेऊन येतो. ‘गावाला चालेल’ म्हणतो. ते चालत नाही आणि टाकवतही नाही. आठ दिवस पायात येते, मग माळ्यावर जाते आणि महिन्याभरात तिथे काही आहे हेच आपल्याला दिसेनासे होते. पुतणीच्या नामकरणाचे फोटो आले तेव्हा आमचे डोळे उघडले. पाळण्याच्या मागे मोडक्या छत्र्या, रंगाचे रिकामे डबे आणि पत्र्याचा तुकडा! त्याच खोलीत आम्ही रोज जेवत होतो.

नुसता शोभेचा प्रश्न असता तर आम्ही इथे उभे राहिलो नसतो. पुतण्याच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला जात पडताळणी लागली. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, हे आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. आमचे आजोबा त्याआधी चौथी शिकलेले. त्यांचा शाळेचा दाखला तांबड्या ट्रंकेत आहे, असे आईने सांगितले. ट्रंक माळ्यावर, तीन गोणींच्या खाली. त्या गोणी आम्हीच ठेवल्या होत्या. वर कौलातून गळत होते, खालून वाळवी लागली होती. दाखला मिळाला तो अर्धा. नाव होते, जातीचा रकाना आणि तारीख वाळवीने खाल्ली होती. मग शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढण्यासाठी महिनाभर रजा टाकून खेपा मारल्या. प्रवेश कसाबसा टिकला. आई काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरे वाटले असते.

कोकणातला पाऊस कागदाचा वैरी. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. ते ओसरल्यावर रस्तोरस्ती चिखलाने माखलेल्या सामानाचे ढीग पडले होते. त्यात कामाचे कोणते आणि अडगळ कोणती, हे कोणी ओळखावे?

बँकेतही हेच पाहतो. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या. बँकेत भरायची मुदत ३० डिसेंबरपर्यंत होती. त्यानंतर एक म्हातारी तांदळाच्या डब्यात सापडलेल्या नोटा घेऊन आमच्या खिडकीशी आली. आम्हाला नाही म्हणावे लागले. ठेवीच्या पावतीचे मात्र तसे नाही. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या ठेवीची रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण बुडत नाही. वारसाला कागदपत्रे देऊन आपल्या बँकेमार्फत ती मागता येते. अशा ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेने २०२३ साली ‘उद्गम’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले आहे. घरातल्या मुलांना ते बघायला सांगा.

म्हणून आगोटीची तयारी करताना, मिरची-मसाल्याबरोबर, एक ट्रंक खाली काढा. सगळे घर एकदम काढू नका. दुपारपर्यंत कंटाळा येतो आणि होते तसे परत वर जाते. खळ्यात उजेडात बसा, शेजारी घरातले वडीलधारे माणूस घ्या आणि प्रत्येक कागद उलगडून पाहा. गठ्ठाच्या गठ्ठा रद्दीवाल्याला देणे ही सफाई नव्हे. शहरात सगळे जुने फेकून द्यायची एक टूम निघाली आहे, ती आम्हाला पटत नाही. जाते, पाटा राहू द्या. फुटके डबे आणि टायर मात्र ठेवू नका; त्यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात.

कुणाला जुने पासबुक किंवा पावती सापडली असेल तर कार्यक्रमानंतर आम्ही दाराजवळच्या टेबलाशी बसणार आहोत, जरूर दाखवावी. आमची तांबडी ट्रंक अजून निम्मी बाकी आहे. तिच्यात किल्ल्यांचा एक जुडगा आहे. कुठल्या कुलपांच्या ते आईलाही सांगता येत नाही, पण ती टाकू देत नाही. तो तसाच ठेवला आहे.