भाविक बुद्धिमत्तेच्या गावी

परिषदेचे सन्माननीय अध्यक्ष, उद्घाटक, व्यासपीठावरील मान्यवर, दुरून आलेले प्रतिनिधी आणि खुर्च्या रिकाम्या असतानाही मांडवाच्या कनातीला टेकून उभे राहिलेले अंबाजोगाईकर, या सर्वांचे स्वागत समिती मनापासून स्वागत करते. स्वागताध्यक्षाने भाषणात ‘मी’ कमी आणि ‘समिती’ जास्त म्हणावे, असे कार्याध्यक्षांनी काल रात्री बजावले आहे. परिषद स्वतःवर ताबा ठेवण्याविषयीची आहे. त्याची सुरुवात स्वागताध्यक्षापासूनच व्हावी, असा त्यांचा हेतू दिसतो.

कार्यक्रम पस्तीस मिनिटे उशिरा सुरू झाला, त्याबद्दल ही पहिली क्षमा. यादीत आणखी बऱ्याच आहेत.

मुहूर्त चुकण्याचा या गावाचा अनुभव मात्र जुना आहे. कोकणची योगेश्वरी परळीच्या वैजनाथाशी लग्न लावायला निघाली, वऱ्हाड इथवर आले, तेवढ्यात मुहूर्त टळला आणि वऱ्हाडाचे दगड झाले, अशी आख्यायिका आहे. जयवंती नदीकाठच्या हत्तीखाना लेण्यांत दगडी हत्ती आजही उभे आहेत, ते त्याच वऱ्हाडातले, असे इथली म्हातारी माणसे सांगतात. देवी माघारी गेली नाही. ती इथेच राहिली आणि आता कोकणातली कितीतरी घराणी कुलदेवतेच्या दर्शनाला घाट चढून येतात. ठरलेले फिसकटल्यावर रुसून न जाता ठाण मांडून बसायचे, हे या गावाने देवीकडून घेतले. संयोजकांनीही आज तेच केले आहे.

परिषद कसली, हे गावाला समजावताना समितीची बरीच दमछाक झाली. कामाच्या ठिकाणी माणसांना मार्गदर्शन करणारे ‘कोच’ येणार आहेत, असे सांगितल्यावर पहिला प्रश्न आला, “नीटचे का जेईईचे?” शेजारी लातूर असल्यावर ‘कोचिंग’चा दुसरा अर्थ कुणाला सुचणार! दुसरा प्रश्न एका ज्येष्ठ नागरिकाचा. त्यांना कोच म्हणजे आगगाडीचा डबा वाटला आणि अंबाजोगाईला अखेर रेल्वे आली या समजुतीने त्यांनी पेढे मागितले. त्यांचेही चूक नाही. अहिल्यानगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला १९९५ च्या सुमारास मंजुरी मिळाली आणि बीड शहरात पहिली प्रवासी गाडी १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, हलली. दोन पिढ्यांनी त्या कोचाची वाट पाहिली. अंबाजोगाईकर अजून परळीला नाहीतर घाटनांदूरला जाऊन गाडी धरतात. गंमत अशी की, इंग्रजीतला हा शब्द मुळात गाडीचाच. हंगेरीतल्या कोच नावाच्या गावी चांगल्या घोडागाड्या बनत, त्यावरून गाडीला ते नाव पडले आणि पुढे परीक्षेच्या पैलतीरी नेणाऱ्या शिकवणी-मास्तरालाही विद्यार्थी तेच म्हणू लागले. तेव्हा पेढे अगदीच वाया गेलेले नाहीत.

आता फलकाविषयी. प्रवेशद्वारावरच्या कमानीत ‘भावनिक बुद्धिमत्ता’ असे हवे होते, तिथे ‘भाविक बुद्धिमत्ता’ असे छापून आले आहे. ‘न’ काल संध्याकाळी कागदावर लिहून चिकटवला होता, तो रात्रीच्या वाऱ्याने नेला. चूक लक्षात आली तेव्हा स्वागताध्यक्षांचा पारा चढला. फलक घेऊन आलेला पोरगा विशीतला. तो खाली मान घालून म्हणाला, “सर, देवीचं गाव आहे, मला भाविकच बरोबर वाटलं.” त्यावर स्वागताध्यक्षांनी जे शब्द वापरले ते इतिवृत्तात घेतलेले नाहीत.

पुण्याहून एक दिवस आधी आलेल्या एक प्रतिनिधी ताई तिथेच चहा पीत उभ्या होत्या. त्यांनी मध्ये पडून समजूत घातली नाही, उपदेशही केला नाही. कप खाली ठेवून एवढेच विचारले, “सर, राग नेमका कुणाचा आलाय? याचा, का पाहुणे काय म्हणतील त्याचा?” स्वागताध्यक्ष मिनिटभर गप्प राहिले. पस्तीस वर्षे शाळेत काढलेल्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. उत्तर दुसरे होते. तो राग नव्हताच, ती धास्ती होती. पोराला चहा दिला गेला.

समितीने नंतर त्या ताईंकडून माहिती घेतली, ती थोडक्यात अशी. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची मांडणी केली आणि डॅनियल गोलमन यांच्या १९९५ च्या पुस्तकाने ती घरोघरी पोचवली. मनात काय चालले आहे ते ओळखणे ही त्यातली पहिली पायरी. २००७ मध्ये मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी मेंदूची छायाचित्रे घेऊन पाहिले, तेव्हा भावनेला नुसते नाव दिले तरी मेंदूतल्या भीती-धोक्याशी निगडित भागाची धावपळ कमी होते, असे आढळले. नावांच्या बाबतीत मराठी मुळीच गरीब नाही. राग, चीड, संताप, वैताग, त्रागा, तिडीक, चिडचिड, कावणे, धुमसणे आणि रुसणे, ही प्रत्येक गोष्ट वेगळी असते आणि प्रत्येकीचा उतारा वेगळा असतो. इथली कुठलीही आजी ते सांगेल. यापेक्षा जास्त शास्त्र सांगणे समितीच्या आवाक्याबाहेर आहे. ते काम व्यासपीठावरील तज्ज्ञ करतीलच.

समितीच्या आवाक्यात गाव आहे. कार्याध्यक्षांनी गावासाठी सात मिनिटे दिली आहेत. ती पुरणार नाहीत.

शके १११० मध्ये, म्हणजे ११८८ साली, मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधू’ लिहिला. ज्ञानेश्वरीच्याही शंभर वर्षे आधी. मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून त्याचे नाव घेतले जाते आणि मुकुंदराजांची समाधी गावाबाहेर बालाघाटाच्या दरीत आहे. वैनगंगेकाठच्या अंभोऱ्याची मंडळी मुकुंदराज आपले म्हणतात. विद्वानांतही त्यावर मतभेद आहेत. आजच्या परिषदेचा विषय लक्षात घेऊन अंबाजोगाईकर या वादात आज संयम पाळणार आहेत. उद्या संध्याकाळपासून पुन्हा वाद घालता येईल. देव दाखवू न शकणाऱ्या साधूंना तुरुंगात टाकणाऱ्या जैत्रपाळ राजाला मुकुंदराजांनी घोड्याच्या रिकिबीत पाय ठेवता ठेवता समाधी लावली, असे सांगतात. वरिष्ठाला त्याच्याच कामाच्या जागी, त्याच्याच घोड्याजवळ गाठून शिकवण्याची ही मराठीतली जुनी गोष्ट. ओढूनताणून जोडलेला संबंध आहे, हे समितीला मान्य आहे.

यादवांचा सेनापती खोलेश्वर इथला. त्याच्या काळच्या शिलालेखांनी हे गाव भरलेले आहे. त्याचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत पडला, तेव्हा बहीण लक्ष्मीने भावाच्या स्मरणार्थ देऊळ उभारले. दुःखाचे काय करावे याची ती दगडातली नोंद म्हणायला हरकत नाही.

आणि दासोपंत (१५५१–१६१५). भगवद्गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ लिहिणारा हा दत्तभक्त. त्यांना रोज ढब्बू पैशाची शाई लागे, असे इथे सांगतात. कागद पुरेना की काय, म्हणून त्यांनी पासोडीवर लिहिले. पासोडी म्हणजे थंडीत अंगावर घ्यायचे जाडेभरडे कापड. सुमारे ४० फूट लांब, ४ फूट रुंद. त्यावर पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांपासून देह आणि मन कसे घडते त्याचा विचार, ओळीमागून ओळ आणि आकृत्या काढून मांडलेला. एकदा ओढलेला बोरू जाड कापडावर परत फिरवता येत नाही. शाई धाग्यात उतरते. खाडाखोड करायला जागा नाही. चारशे वर्षांनी ते कापड पाहताना तत्त्वज्ञान कळो न कळो, न थरथरणारा हात मात्र दिसतो. मन आतून कसे बनले आहे याचा एवढा मोठा तक्ता पांघरण्याच्या कापडावर दुसरीकडे कुणी काढला असेल, तर समितीला जरूर कळवावे.

सात मिनिटे संपल्याची चिठ्ठी आली आहे. तरीही एका माणसाविषयी बोलल्याशिवाय स्वागत पुरे होत नाही.

हे गाव निजामाच्या राज्यात मोमिनाबाद होते. घोडदळाची छावणी, उर्दूतला कारभार, सभा घ्यायची तर सरकारची परवानगी. १९३५ मध्ये हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा सोडून एक भगव्या वस्त्रातले शिक्षक इथे आले आणि योगेश्वरी विद्यालयात शिकवू लागले. मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. संन्यासानंतरचे नाव स्वामी रामानंद तीर्थ. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, इथल्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयालाही आहे. त्यामुळे ते विसरले गेले असे कुणाला वाटणार नाही. पण नाव पाटीवर गेले की माणूस विसरायला सोपा जातो.

टिळक गेले तेव्हा, १९२० मध्ये, त्या शाळकरी मुलाने आजन्म ब्रह्मचर्याचे आणि देशसेवेचे व्रत घेतले. पुढे ते कामगार पुढारी ना. म. जोशी यांचे सचिव झाले. म्हणजे कामाच्या ठिकाणच्या माणसाची दुःखे त्यांनी गिरणीच्या दारात ऐकलेली. प्रकृती ढासळली म्हणून ते शाळेकडे वळले आणि शाळेतून पुन्हा लढ्याकडे. १९३८ च्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. त्याच वेळी राज्यात धर्माच्या नावाने चाललेले दुसरे सत्याग्रहही सुरू होते. आपला लढा निजामाच्या सत्तेशी आहे, कुणाच्या धर्माशी नाही, ही रेघ पुसली जाण्याची भीती होती. स्वामीजी तुरुंगात असतानाच, त्या डिसेंबरात, गांधीजींच्या सल्ल्याने हैदराबाद स्टेट काँग्रेसने ऐन भरातला सत्याग्रह तहकूब केला. चढत्या आंदोलनाला हात आवरायला सांगणे किती कठीण असते, हे कुठल्याही मोर्चात चाललेल्या माणसाला विचारावे. १५ ऑगस्ट १९४७ ला हैदराबादेत तिरंगा फडकावून त्यांनी पुन्हा अटक ओढवून घेतली. म्हणजे राग थंड झाला नव्हता. तो कुणावर आहे, हे मात्र कधी विसरले गेले नाही. काल त्या ताईंनी विचारलेला प्रश्न या गावात एकदा विचारला गेला होता, असे स्वागताध्यक्षांना रात्री उशिरा वाटले.

पुढचा मुद्दा स्वागताच्या भाषणात घ्यावा की नाही यावर समितीत मतभेद होते. चार विरुद्ध तीन मतांनी तो घेतला आहे.

दसरा सरला की या जिल्ह्याची सगळ्यात मोठी कामाची जागा जिल्ह्याबाहेर जाते. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, उसाच्या फडात. तिथे माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, एक दिवस चुकला तर खाडा. राज्य सरकारच्या समितीने २०१९ मध्ये जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा पडतो आणि दंड लागतो, हे त्यामागच्या कारणांपैकी एक म्हणून पुढे आले. आर्ली हॉकशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये विमानातल्या सेविकांचा अभ्यास करून दाखवले होते की, कामावर हसू ओढून आणणे हेही श्रमच असतात. फडातल्या बाईला तर हसूही कुणी मागत नाही. तिला शांत राहायला शिकवणारा कोच नको आहे. मुकादमाला आणि त्याच्या वरच्याला शिकवणारा मिळाला तर समिती त्याच्या जाण्या-येण्याचा खर्च करील. मानवलोक ही संस्था १९८२ पासून याच गावातून अशा माणसांसाठी काम करते. प्रतिनिधींनी वेळ काढून तिथे जावे.

आता उरलेल्या क्षमा. पाणी मांजरा धरणाचे आहे, पण मंगल कार्यालयाची टाकी लहान आहे. म्हणून आंघोळीच्या वेळा वाटून दिल्या आहेत. निवासाच्या शाळेतले बाक रात्री बाजूला सरकवले, तरी फळ्यावरची भूमिती पुसायची राहिली. परतीच्या बसचे वेळापत्रक पत्रिकेत चुकले आहे. दारावरचे वाचावे. जेवणात भाकरी, पिठले, येसर आमटी, शेंगदाण्याची चटणी आहे. भौगोलिक मानांकन मिळालेले बीडचे सीताफळ हंगाम असता तर ताटात असते. त्याऐवजी त्याची रबडी आहे, ती पहिल्या पंगतीत संपू नये, असा प्रयत्न चालू आहे. याच गावाने १९८३ मध्ये व्यंकटेश माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पार पाडले होते. तेव्हाच्या कार्यकर्त्यांपैकी दोघे आज भोजन विभागात आहेत आणि सकाळपासून, “तेव्हा असं नव्हतं,” असे सांगत आहेत.

आभारांत पहिला मान भाकऱ्या थापणाऱ्या बचत गटाच्या भगिनींचा. पहाटे तीनला त्यांनी चुली पेटवल्या. मांडववाल्यांनी निम्मे भाडे सोडले. सराफ बाजारातल्या एका व्यापाऱ्यांनी नाव न घेण्याच्या अटीवर मोठी देणगी दिली आहे. ते दुसऱ्या रांगेत बसले आहेत आणि नाव न घेतल्याने थोडे अस्वस्थ दिसतात. अकरा कुटुंबांनी पाहुण्यांना घरी उतरवून घेतले. आगाराने जादा बस दिली. पोलीस, सफाई कामगार, वीज मंडळाचे दोन वायरमन आणि ध्वनिक्षेपकाचे चालक, सर्वांचे आभार. ध्वनिक्षेपकाने आत्ताच शिट्टी मारली, तरीही.

फलकाचा पोरगा शेवटच्या खांबाशी उभा आहे. त्याच्या हातात शिडी आहे आणि नवा ‘न’, या वेळी पुठ्ठ्याचा. चहाच्या सुट्टीत तो कमानीवर चढेल, तेव्हा प्रतिनिधींनी कृपया मागच्या दाराने जावे.