खांब वाकावा, पण तुटू नये
(गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

 

आरती झाली, प्रसाद वाटायचा आहे आणि मध्येच कुणीतरी भूकंपावर बोलायला उभं राहतंय, हे जरा विचित्र वाटेल. पण आपल्या सभागृहावर आणखी एक मजला चढवायचा विचार चालू आहे. खाली गाड्या लावायला मोकळी जागा, वर हे सभागृह आणि त्यावर नवा मजला. आम्ही डिप्लोमा करून सरकारी नोकरीत बांधकामाच्या साइटवर वीसेक वर्षं काढली आहेत, म्हणून चिटणीसांनी दोन शब्द सांगायला लावले.

‘आपल्याकडं कुठं भूकंप होतोय?’ हे आम्ही नेहमी ऐकतो. 11 डिसेंबर 1967 ची पहाट इथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. कोयनानगर त्या पहाटे हादरलं. ते आपल्यापासून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत आहे आणि निपाणीला तर त्याहून जवळ. पुढं 1993 मध्ये किल्लारी झालं. 29 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून झोपलेली माणसं 30 तारखेच्या पहाटे चारच्या सुमारास गाडली गेली. तेव्हाच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याचा होता. आपलं बेळगाव 2016 च्या भारतीय मानकात तिसऱ्या विभागात आहे, म्हणजे मध्यम धोक्याच्या.

यावर कुणी म्हणेल, किल्लारीची घरं दगडमातीची होती, आमचं आरसीसी आहे. तर मग अहमदाबाद बघा. तेही आपल्यासारखंच तिसऱ्या विभागात. 26 जानेवारी 2001 चा भूकंप झाला कच्छमध्ये, तिथून दोनशे किलोमीटरहून लांब. तरी अहमदाबादेत आरसीसीच्या बहुमजली इमारती कोसळल्या आणि शेकडो माणसं गेली. तो भूकंप कोयनेपेक्षा फार मोठा होता आणि तिथली जमीन नदीच्या गाळाची, हे खरं. पण त्याच शहरात, तेच हादरे खाऊन असंख्य इमारती उभ्या राहिल्या. पडलेल्यांत पुष्कळशा अशा होत्या, की खाली नुसत्या खांबांवर पार्किंग आणि वर भिंतींनी भरलेले मजले.

हे का होतं? वरच्या मजल्यांना विटांच्या भिंती असतात, त्यामुळं ते पेटीसारखे ताठ राहतात. खाली भिंतीच नाहीत. भरलेलं कपाट चार बारीक पायांवर ठेवून ढकललं, तर कपाट वाकत नाही, पाय मोडतात. तसं सगळं डोलणं त्या तळच्या खांबांवर येतं.

आता हे खांब कसे असावेत, ते उद्यमबागेतल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आपल्या फाउंड्रीत साधं बीड ओततात आणि एस. जी. आयर्नही ओततात. साध्या बिडाच्या कास्टिंगवर घण घातला, की ते तडकन फुटतं. एस. जी. आयर्न आधी वाकतं, ताणतं, मग तुटतं. काँक्रीट हे मुळात बिडासारखं आहे. त्याला वाकायला शिकवते ती सळई, आणि त्या सळईला जागेवर धरून ठेवते ती रिंग.

म्हणून रिंगेकडं बघा. खांबाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला, बीमजवळ, रिंगा शंभर मिलिमीटरपेक्षा, म्हणजे चार इंचांपेक्षा लांब नकोत. रिंगेची दोन्ही टोकं 135 अंशांत वळवून आतल्या काँक्रीटमध्ये घुसलेली हवीत. टोकं नुसती काटकोनात वळवली, तर वरचं काँक्रीट निघताच रिंग उघडते, सळ्या बाहेर फुगतात आणि खांब बसतो. या कामाला जादा लागते ती थोडी सळई आणि फिटरची अर्ध्या दिवसाची मेहनत.

इथं एक कबुली द्यायला हवी. आमचं स्वतःचं घर बांधताना कॉलम भरायच्या दिवशी आम्ही पाहिलं, रिंगांची टोकं काटकोनात होती. फिटर म्हणाला, ‘साहेब, सगळीकडं असंच करतात.’ मिक्सर सुरू झाला होता, माणसं खोळंबली होती. आम्ही गप्प बसलो. दुसऱ्यांच्या साइटवर जे खपवून घेत नाही, ते स्वतःच्या घरी खपवून घेतलं. पुढं कितीतरी वर्षं पार्किंगमध्ये गाडी लावताना नजर त्या खांबांवर जायची.

शेवटी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घर तपासून घेतलं आणि खांबांना जॅकेट घातलं. म्हणजे प्लास्टर काढून जुनं काँक्रीट खरबरीत केलं, पायापासून नव्या सळ्या उभ्या केल्या, जवळजवळ रिंगा बांधल्या आणि चारही बाजूंनी शंभर मिलिमीटर नवं काँक्रीट भरलं. पार्किंगमध्ये दोन्ही दिशांना आरसीसीच्या भिंतीही घेतल्या. एका गाडीची जागा गेली, पण झोप लागते.

जुनं बांधकाम बळकट करता येतं, हे कोयनेनंच दाखवलं आहे. 1967 च्या भूकंपात धरणाला भेगा पडल्या, पण ते टिकलं. मग ते पाडलं नाही. उंच भागाला मागच्या बाजूनं काँक्रीटचे टेकू देऊन भक्कम केलं. नुसत्या भेगा बुजवून रंग दिला असता, तर ती डागडुजी झाली असती, मजबुती नव्हे.

तेव्हा मंडळाला आमची विनंती एवढीच. नव्या मजल्याच्या वर्गणीची पावतीपुस्तकं छापण्याआधी खालचे खांब तपासून घ्या. नकाशे शोधा. नसतील तर काँक्रीटची ताकद आणि आतल्या सळ्या यंत्रानं तपासता येतात. हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरनं करावा. तो आम्हा डिप्लोमावाल्यांनी अंदाजानं सांगायचा नसतो. त्यानं ‘आधी खाली मजबुती करा’ म्हटलं, तर पहिल्या वर्षीची वर्गणी तिथंच घालू. तो खर्च फोटोत दिसणार नाही, त्यावर कोनशिलाही बसणार नाही. पण याच सभागृहात आपली मुलं नाटकाच्या तालमी करतात आणि उत्सवात तीनचारशे माणसं एका वेळी बसतात.

गणपती हा विघ्नहर्ता आहेच. पण रिंगेचं टोक आत वळवायचं काम त्यानं आपल्याकडं सोपवलंय.

मोरया!