दूध वर्ज्य असलेल्या बाळाचा प्रवास

गाईच्या दुधांतील प्रथिनें ज्या बाळाला सोसत नाहींत, त्याच्या मातेला प्रवास म्हणजे परीक्षाच वाटते. दुधाची भुकटी घातलेल्या एका बिस्किटानेंहि बाळाच्या अंगावर गांधी उठतात, ओकाऱ्या होतात. शेळीचें दूधहि निर्धोक नव्हे; त्यांतील प्रथिनें बरीचशीं तशींच असतात. यास्तव ६ महिने पूर्ण झालेल्या बाळाची शिदोरी घरींच सिद्ध करावी.

२ वाट्या तांदूळ व १ वाटी मुगाची डाळ धुऊन, वाळवून, मंद आंचेवर भाजून रवाळ दळावी. हें खिमटाचें पीठ कोरडेंच न्यावें आणि मुक्कामीं शिजवावें. पण आगगाडींत चूल कोठली? तेथें साळीच्या लाह्यांचें पीठ उपयोगीं पडतें. लाही मुळांतच भाजलेली. टरफलें निवडून केलेलें तिचें पीठ थर्मासमधील कढत पाण्यांत कालवून कोमट होऊं द्यावें, कीं झाली पेज. दोन्ही पदार्थ बाळाला मानवतात, हें निघण्यापूर्वीं घरीं पाहून घ्यावें. उष्टें उरल्यास टाकावें.

शेजारचा प्रवासी प्रेमानें पेढा पुढें करील. त्याला हंसतमुखानें, पण स्पष्ट नकार द्यावा. इतकें करूनहि बाळाला धाप लागली वा तोंड सुजलें, तर डॉक्टरांची मदत तत्काळ घ्यावी.