गांधीजींची अब्रू आणि कवीची लेखणी

आमच्या वर्ध्यात गांधीजींविषयी उणं बोलणारा माणूस चहाच्या टपरीवरही भेटतो. सेवाग्राम इथून हाकेच्या अंतरावर, तरी त्याला कोणी कोर्टात खेचत नाही. एका कवीला मात्र कोर्टाची पायरी चढावी लागली.

वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता 1994 साली एका बँक कर्मचारी संघटनेच्या बुलेटिनमध्ये छापली गेली. तक्रार झाली, लातूरला खटला उभा राहिला. 14 मे 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ऐतिहासिक आदरणीय व्यक्तीच्या तोंडी शिवराळ भाषा घालताना अश्लीलतेची कसोटी अधिक कडक लागेल. मुद्रक-प्रकाशकाने खटल्याआधीच बिनशर्त माफी छापली होती, तो सुटला. कवीने आपली बाजू खालच्या कोर्टात मांडावी, असं ठरलं.

खरं तर हा प्रश्न अब्रूचा. आपल्याकडे बदनामीचं कलम आहे. पूर्वी 499 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 356 झालं. मृत माणसाचीही बदनामी होऊ शकते, पण त्याच्या आप्तांच्या भावना दुखावण्याचा हेतू लागतो. खरं असेल आणि लोकहितासाठी बोललं असेल तर गुन्हा नाही. असे दहा अपवाद आहेत. गुर्जरांवर मात्र हे कलम नव्हतंच. अश्लीलतेचं 292 होतं. त्यातही साहित्यासाठी सूट आहे, पण थोर माणसासाठी वेगळं माप कुठेच लिहिलेलं नाही. ते न्यायालयाने घातलं. अब्रू मागच्या दाराने आत आली, ती अशी.

पुढच्या वर्षी, 13 मे 2016 ला, त्याच दोन न्यायमूर्तींनी बदनामीचा फौजदारी गुन्हा वैध ठरवला. जिवंत माणसाची बाजू मला कळते. खोट्या बातमीने गावातल्या एखाद्या मास्तराचा संसार मोडतो, त्याला भरपाई मिळालीच पाहिजे. त्यासाठी लिहिणाऱ्याला दोन वर्षांच्या तुरुंगाची भीती कशाला? आणि गांधीजींना तर मास्तराइतकंही संरक्षण नको.

1920 साली 'यंग इंडिया'त एका न्यायाधीशाचं पत्र छापल्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्यावर अवमानाची कारवाई केली. माफीचा मजकूरही सुचवला होता. तो छापायला त्यांनी नकार दिला. कोर्टाने समज देऊन सोडलं.