कोळसा, पोलाद आणि शांतता

ज्याच्याशीं आपलें देणेंघेणें आहे त्याच्याशीं माणूस सहसा भांडण काढीत नाहीं, हा अनुभव प्रत्येक गृहस्थास आहे. राष्ट्रांचेंही तसेंच असावें काय? नॉर्मन एंजल या इंग्रज ग्रंथकारानें १९१० सालीं ‘द ग्रेट इल्यूजन’ या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, राष्ट्रांच्या पेढ्या व बाजार परस्परांत इतके गुंतले आहेत कीं, जेत्याच्याही पदरांत कांहीं पडावयाचें नाहीं. युद्ध अशक्य झालें, असें त्याचें म्हणणें नव्हतें. तें व्यर्थ आहे, एवढेंच होतें. पण पुष्कळांनीं हवा तो अर्थ काढला. चारच वर्षांनीं, एकमेकांचीं मोठीं गिऱ्हाइकें असलेलीं इंग्लंड व जर्मनी रणांगणांत उतरलीं.

म्हणून तो विचार टाकून द्यावा, असें मला वाटत नाहीं. गुंतवण कशाची आणि किल्ल्या कोणाच्या हातीं, हें पाहिलें पाहिजे. फ्रान्सची पूर्व सीमा डोळ्यांपुढें आणा. अलीकडे लोरेन प्रांतांत लोखंडाचें खनिज, पलीकडे जर्मनीच्या रूर खोऱ्यांत कोळसा. पोलादाच्या भट्टीस दोन्हीं हवींत. १८७१ सालीं लोरेनचा कांहीं भाग जर्मनीनें घेतला, १९१९ सालीं तो फ्रान्सकडे परत गेला, १९२३ सालीं फ्रेंच व बेल्जियन फौजा रूरमध्यें शिरल्या, १९४० सालीं जर्मन पुन्हां लोरेनांत आले. आम्हां शिक्षकांचे नकाशे मात्र दर पिढीस जुने होत!

९ मे १९५० रोजीं फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान यांनीं सुचविलें कीं, दोन्हीं देशांचा कोळसा व पोलाद एकाच सामाईक मंडळाच्या देखरेखीखालीं असावें. त्यांचे वडील लोरेनचे. ते स्वतः जन्मानें जर्मन प्रजाजन व पुढें फ्रेंच मंत्री. पुढल्याच वर्षीं फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जम, हॉलंड व लक्झेंबर्ग यांनीं पॅरिस येथें करारावर सह्या केल्या. तोफ ओतावयाची तर पोलाद हवें, आणि पोलादाचा हिशेब शेजाऱ्यासमक्ष मांडावयाचा. मग चोरून तयारी करणें सोपें राहत नाहीं. अमेरिकेचा आधार व रशियाची धास्ती हींही शांततेचीं कारणें होतीं, हें मी नाकारीत नाहीं.

नुसत्या खरेदीविक्रीची गोष्ट निराळी. युरोपास इंधनवायु विकणाऱ्या रशियानें २०२२ च्या फेब्रुवारींत युक्रेनवर मोठी स्वारी केली. गिऱ्हाइकांची भीड त्यास पडली नाहीं. आणि लढाई चालू असतांही रशियाचा वायु युक्रेनच्याच भूमींतील नळांवाटे युरोपास जात होता, त्याचें भाडें युक्रेन घेत होतें. करार संपला तो २०२४ च्या डिसेंबरअखेर. तेव्हां कोठें तो नळ बंद झाला.