ग्रीन टी कडू का लागतो?

पुण्या-मुंबईहून लेक माहेरी आली की हल्ली पिशवीत ग्रीन टीचं पाकीट असतंच. आता ते आपल्या जतच्या बाजारातही मिळतं. आणि पहिला घोट घेतला की बहुतेक घरांत एकच बोलणं, "हा चहा आहे का काढा?" आम्ही म्हणतो, पानाला नावं ठेवण्याआधी पाण्याकडे बघू.

आपण चहा रटरटा उकळतो. काळ्या पुडीला ते सोसतं, आणि जो कडूपणा उतरतो तो दूध-साखर झाकून टाकते. ग्रीन टी त्याच झाडाचा. पण पान खुडल्यावर लगेच वाफेवर किंवा कढईत गरम करून वाळवतात, म्हणून ते काळं पडत नाही. त्यातला गोडसर अंश कमी गरम पाण्यातही उतरतो. तुरट-कडू अंश मात्र पाणी जितकं कढत, तितका जास्त सुटतो. म्हणून त्याला ७५ ते ८० अंशांचं पाणी बरं.

आता उकळतं पाणी म्हणजे किती गरम? शाळेच्या पुस्तकात १०० अंश. पण ते समुद्रकाठचं, रत्नागिरीकडचं. हवेलाही वजन असतं, आणि पाण्याची वाफ व्हायची तर तो दाब झुगारावा लागतो. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. साधारण ३०० मीटर चढलं की एक अंश कमी. आपलं जत ६०० मीटरांच्या आसपास, म्हणजे इथली उकळी ९८ अंशांची. महाबळेश्वरला पंचाण्णव-शहाण्णव. केदारनाथ साडेतीन हजार मीटरांच्या वर, तिथं जेमतेम ८८. यात्रेला गेलेल्यांनी पाहिलं असेल, तिथं पाणी खळखळतं, पण उघड्या पातेल्यात डाळ काही लवकर शिजत नाही. कुकरात याच्या उलट. वाफ कोंडून दाब वाढतो आणि पाणी १२० अंशांपर्यंत जातं.

तेव्हा जतच्या उकळीवरून १८-२० अंश खाली उतरायचं आहे. त्याला थर्मामीटर नको. पाणी उकळून गार केलेलं एक कप बाजूला ठेवा. ताज्या उकळत्या पाण्याचे तीन कप घ्या, त्यात हे चौथं मिसळा. झालं ८० अंशांच्या जवळ. मग पत्ती टाका, झाकण ठेवा, दोन मिनिटांनी गाळा. पत्ती घालून पुन्हा चुलीवर ठेवायचं नाही.

पाकिटावर ८० अंश लिहिलंय म्हणून पाणी नुसतं गरम करून उतरवू नका, हे मात्र ठासून सांगतो. टँकरचं, विहिरीचं पाणी आपल्याला प्यायचं असतं. ८० अंश झाले का, हे डोळ्यांना कळत नाही. खळखळ उकळी दिसते. ती आल्यावर एक मिनिट तशीच राहू द्या, मगच निववा. बोअरच्या मचूळ पाण्याचे सगळे क्षार उकळून जात नाहीत, त्यात चहाचा रंग काळपट येतो. पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर ते गाळून, उकळून वापरा. चव लगेच कळेल.

जाहिरातीत वजन उतरतं म्हणतात, त्यावर पैसे घालवू नका. आपल्या बायांचा खरा प्रश्न रक्त कमी असण्याचा आहे. चहा हिरवा असो की काळा, जेवणाबरोबर प्यायला तर भाकरी, डाळ, पालेभाजीतलं लोह अंगी कमी लागतं. म्हणून जेवण आणि चहा यांत निदान एक तास जाऊ द्या. आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी चहाबरोबर कधीच घेऊ नका. साध्या पाण्याबरोबर घ्या, नाहीतर लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर.