अंगणात गिअरबॉक्स खोलण्याआधी

गणपती गेले की आंबिया बहाराची तोड तोंडावर येते आणि पांढुर्णा-सौंसरकडे ट्रक घरच्याच अंगणात खोलायची घाई होते. म्हणून आज आम्ही ओव्हरड्राइव्हविषयी बोलणार आहोत.

आपल्याकडच्या बऱ्याच ट्रकांत हा गिअरबॉक्समधला शेवटचा गिअर असतो. त्यात इंजिनाच्या एका फेऱ्याला बाहेरचा शाफ्ट एकापेक्षा जास्त फिरतो. नागपूरच्या सपाट रस्त्याला डिझेल वाचतं. पण संत्री भरून सिल्लेवानी घाट याच गिअरात चढवायचा हट्ट काही ड्रायव्हर का धरतात, देव जाणे!

गिअर निसटायला लागला तर आधी तेल, लिव्हरची लिंकेज आणि माउंटिंग बघा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक भुकटी चालते. दातांचे तुकडे निघाले तर गाडी हलवू नका. बाकी सगळं ठीक असेल, तर फोर्क किंवा सिंक्रो रिंग झिजलेली असू शकते. तेव्हाच गिअरबॉक्स उतरवा, तोही चाकांना गुटके, पक्के स्टँड आणि चेन ब्लॉक लावून. विटांवर टेकवलेल्या ट्रकखाली पोरांना पाना धरायला बसवू नका.

ऑटोमॅटिक गाडीचा ओव्हरड्राइव्ह मात्र घरी खोलूच नये. काहींत क्लचची स्प्रिंग शेकडो किलोंच्या दाबाखाली असते. प्रेसशिवाय सोडली तर ती अंगावर येते.